पहिली निवड आणि रिकामा संघ

जून २०१२ मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडर हा संघ एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या अंतिम फेरीत मायामी हीटसमोर उभा राहिला, तेव्हा त्याच्या चार प्रमुख खेळाडूंपैकी एकानेही वयाची चोविशी गाठलेली नव्हती. केव्हिन ड्युरँट आणि रसेल वेस्टब्रुक २३ वर्षांचे होते, जेम्स हार्डन आणि सर्ज इबाका २२ वर्षांचे. ड्युरँट २००७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला होता, वेस्टब्रुक २००८ मध्ये चौथ्या आणि हार्डन २००९ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर. पुढे हे तिघेही एमव्हीपी, म्हणजे हंगामातले सर्वोत्तम खेळाडू, झाले: ड्युरँट २०१४ मध्ये, वेस्टब्रुक २०१७ मध्ये आणि हार्डन २०१८ मध्ये. एकाच संघाने लागोपाठ तीन वर्षे वरच्या निवडी मिळवाव्यात आणि तिन्ही वेळा भावी एमव्हीपी उचलावा, असे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. तरीही ती मालिका मायामीने ४-१ अशी जिंकली, पुढच्या ऑक्टोबरमध्ये हार्डनला ह्यूस्टनला पाठवण्यात आले, २०१६ मध्ये ड्युरँट गोल्डन स्टेटला निघून गेला आणि या तिघांनी एकत्र खेळून एकही विजेतेपद मिळवले नाही.

तळाला जाऊन, वरच्या क्रमांकाच्या निवडी गोळा करून संघ नव्याने उभारणे खरोखर फायद्याचे ठरते का, याचा विचार मी नेहमी या संघापासून सुरू करते, कारण इथे मुले निवडताना काहीच चुकले नव्हते.

आयपीएल पाहणाऱ्या वाचकासाठी ही व्यवस्था थोडी उलगडून सांगायला हवी. आयपीएलमध्ये लिलाव असतो, सर्व संघांना खर्चाची मर्यादा सारखीच असते आणि शेवटच्या स्थानावर राहण्याचे बक्षीस मिळत नाही. एनबीएमध्ये मात्र दरवर्षी लीगमध्ये येऊ पाहणाऱ्या तरुणांची निवड संघ आळीपाळीने करतात आणि आदल्या हंगामात जे संघ खाली राहिले त्यांचा नंबर आधी लागावा, असा संकेत आहे. दुबळ्याला आधार मिळावा आणि लीग एकतर्फी होऊ नये, हा त्यामागचा चांगला हेतू. परंतु पराभवाला बक्षीस ठेवले की कोणीतरी पराभवाचाच पाठलाग करू लागते, म्हणून १९८५ पासून सर्वांत वरच्या निवडी लॉटरीने ठरू लागल्या. बराच काळ तळाच्या संघाला पहिल्या निवडीची २५ टक्के संधी होती; २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना प्रत्येकी १४ टक्के संधी असते आणि तळाचा संघ पाचव्या क्रमांकापर्यंत घसरू शकतो. मुद्दाम हरण्याला तिकडे टँकिंग म्हणतात आणि आपल्याकडच्या एनबीएप्रेमींच्या गप्पांतही आता हाच शब्द रुळला आहे.

टँकिंगच्या बाजूने जे म्हटले जाते ते मला मुळीच हलके वाटत नाही. बास्केटबॉलमध्ये मैदानावर एका संघाचे पाचच खेळाडू असतात आणि उत्तम खेळाडू ४८ पैकी ३५-३६ मिनिटे सहज खेळतो, त्यामुळे एका माणसाचे वजन इथे क्रिकेट किंवा फुटबॉलपेक्षा कितीतरी जास्त पडते. असा माणूस मोकळ्या बाजारात मिळाला, तर तो लॉस एंजेलिस किंवा मायामी निवडण्याची शक्यता अधिक. ओक्लाहोमा किंवा मिलवॉकीसारख्या शहराला तो ड्राफ्टच्याच दारातून मिळू शकतो. शिवाय पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पगार ठरलेल्या कोष्टकानुसार सुमारे चार वर्षे बांधलेला असतो, म्हणजे तो बहरात आला की त्याच्या योग्यतेच्या मानाने संघाला फार स्वस्त पडतो आणि वाचलेल्या पैशातून बाकीचा संघ घडवता येतो. थोडक्यात, मधल्या स्थानावर वर्षानुवर्षे घुटमळण्यापेक्षा काही वर्षे तळ गाठावा, हा युक्तिवाद आतून सुसंगत आहे.

हा युक्तिवाद कोणतीही तडजोड न करता अमलात आणण्याचे धैर्य फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सच्या सॅम हिंकी यांनी दाखवले. मे २०१३ मध्ये ते जनरल मॅनेजर झाले आणि आल्या आल्या त्यांनी संघाचा तरुण ऑल-स्टार (लीगच्या निवडक ताऱ्यांत गणला गेलेला) गार्ड ज्रू हॉलिडे याला न्यू ऑर्लिन्सला देऊन सहाव्या क्रमांकावर निवडलेला नर्लेन्स नोएल घेतला, ज्याच्या गुडघ्याला दुखापत असल्यामुळे तो पहिला हंगाम खेळणारच नव्हता. तो हंगाम १९ विजय आणि ६३ पराभवांचा झाला, त्यात सलग २६ पराभवांची मालिका होती. पुढच्या वर्षी १८ विजय, त्यापुढच्या वर्षी १०. तीन हंगामांत २४६ सामने आणि ४७ विजय. या काळात वरच्या निवडी येत गेल्या: २०१४ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर जोएल एम्बीड, २०१५ मध्ये तिसऱ्याच क्रमांकावर जलील ओकाफोर, आणि हिंकी गेल्यानंतर, पण त्यांच्याच काळातल्या पराभवांची कमाई म्हणून, २०१६ मध्ये पहिल्या क्रमांकावर बेन सिमन्स. एप्रिल २०१६ मध्ये हिंकी यांनी मालकांना तेरा पानी पत्र लिहून राजीनामा दिला. शहरातला एक मोठा वर्ग तोपर्यंत ‘ट्रस्ट द प्रोसेस’ हे वाक्य श्रद्धेने उच्चारू लागला होता.

त्या श्रद्धेची टिंगल मला करवत नाही, कारण एम्बीडच्या रूपाने तिला फळ आले. पायावरच्या शस्त्रक्रियांमुळे पहिले दोन हंगाम पूर्णपणे गमावलेला हा कॅमेरूनचा मुलगा २०२३ मध्ये एमव्हीपी झाला आणि २०१८ पासून फिलाडेल्फिया जवळजवळ दरवर्षी पन्नासच्या आसपास सामने जिंकणारा संघ बनला. पण हिशेब तिथे संपत नाही. नोएल, एम्बीड आणि सिमन्स हे तिघेही दुखापतीमुळे आपापला पहिला हंगाम खेळलेच नाहीत. नोएल, एम्बीड आणि ओकाफोर हे तिघेही एकाच जागेचे, म्हणजे बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू होते. तिघांना एकत्र नीट खेळवणे शक्य नव्हते, तेव्हा नोएल आणि ओकाफोर २०१७ मध्ये किरकोळ मोबदल्यात सोडून दिले गेले. त्याच वर्षी हिंकी यांच्या जागी आलेल्यांनी तिसरी निवड आणि आणखी एक पहिल्या फेरीची निवड देऊन बॉस्टनकडून पहिला क्रमांक घेतला आणि मार्केल फुल्ट्झची निवड केली. पहिल्या हंगामात तो जेमतेम १४ सामने खेळू शकला आणि खांद्याच्या दुखण्यापायी त्याचा शॉट हरवला. बॉस्टनने त्या तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटम घेतला. २०१९ मध्ये टोरोंटोत प्लेऑफ्सच्या मालिकेतल्या सातव्या, म्हणजे निर्णायक सामन्याच्या अखेरच्या क्षणी टोरोंटोच्या कवाय लेनर्डचा चेंडू रिंगवर चार वेळा आपटून आत पडला आणि दोन वर्षांनी अटलांटाविरुद्धच्या सातव्या सामन्यात सिमन्सने बास्केटखाली मोकळा असताना चेंडू दुसऱ्याकडे देऊन टाकला. इतके सगळे होऊनही २०२५ च्या हंगामापर्यंत हा संघ २००१ नंतर एकदाही कॉन्फरन्स फायनलपर्यंत, म्हणजे उपांत्य फेरीपर्यंत, पोहोचलेला नव्हता.

यात दुर्दैवाचा वाटा मोठा आहे, हे मान्य करायलाच हवे. लेनर्डचा तो चेंडू बाहेर पडला असता तर कदाचित आज आपण हिंकी यांना द्रष्टा म्हणत असतो. पण दुर्दैवाच्या खाली एक दुसरा थर आहे आणि मला त्याच्याविषयी बोलायचे आहे.

मी काही वर्षे शाळेतल्या मुलांना बास्केटबॉल शिकवले आहे. पंधरा-सोळा वर्षांची सगळी नवी मुले एकत्र खेळवली आणि त्यांच्यात एकही अनुभवी मुलगा ठेवला नाही, तर काय होते, ते मी पाहिले आहे. गुण करणे ती लवकर शिकतात, कारण त्याची दाद लगेच मिळते. पण साथीदार चुकला तर त्याची जागा भरायला धावावे लागते, स्क्रीनच्या (वाट अडवून उभ्या राहिलेल्या खेळाडूच्या) मागून आलेल्या प्रतिस्पर्ध्याबद्दल ओरडून सांगावे लागते, हरलेल्या सामन्यातही शेवटच्या दोन मिनिटांत बचावात पाय हलवावे लागतात, या गोष्टी शिक्षकाने कितीही सांगितल्या तरी मुले त्या शेजारी खेळणाऱ्या मोठ्या मुलाकडूनच उचलतात. तो मोठा मुलगा नसेल तर चुकीच्या सवयी पक्क्या होतात आणि पराभव रोजचा झाला की प्रत्येकजण आपापले आकडे सांभाळू लागतो. एनबीएतला एकोणीस-वीस वर्षांचा खेळाडू कितीही असामान्य असला तरी वयाने तो याच मुलांच्या जवळ असतो. टँकिंग करणारा संघ वरची निवड मिळवण्यासाठी सगळ्यात आधी जाणत्या खेळाडूंना बाहेर पाठवतो आणि मग ज्या मुलासाठी हा सगळा खटाटोप केला, त्याला अशा संघात आणतो की जिथे त्याला शिकवणारे कोणीच उरलेले नसते. वरच्या निवडीने खेळाडू मिळतो. तो ज्या संघात वाढायचा, तो संघ मात्र त्या निवडीची किंमत म्हणून आधीच मोडलेला असतो.

सॅक्रामेंटो किंग्जची कहाणी याची सर्वांत दीर्घ साक्ष आहे आणि मुंबईशी तिचे थोडे नातेही आहे. या संघाचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएने भारतात प्रथमच सामने भरवले तेव्हा वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हेच दोन संघ उतरले होते. २००६-०७ ते २०२१-२२ असे सलग १६ हंगाम किंग्ज प्लेऑफ्सच्या बाहेर राहिले. या काळात वरच्या निवडींची त्यांना वाण नव्हती: २००९ मध्ये चौथी, २०१० मध्ये पाचवी, २०१२ मध्ये पाचवी, २०१३ मध्ये सातवी, २०१४ मध्ये आठवी, २०१५ मध्ये सहावी, २०१७ मध्ये पाचवी, २०१८ मध्ये दुसरी. २०१२ मध्ये त्यांनी थॉमस रॉबिन्सन घेतला आणि लगेच पुढच्या क्रमांकावर पोर्टलंडने डेमियन लिलार्ड उचलला. २०१८ मध्ये त्यांनी मार्विन बॅग्ली घेतला आणि तिसऱ्या क्रमांकावर लुका डाँचिच निवडला गेला, ज्याने पुढे डॅलसला अंतिम फेरीत नेले.

बॅग्ली आणि डाँचिच यांची चर्चा सगळेच करतात, पण मला त्याहून जास्त अस्वस्थ करतो तो डीमार्कस कझिन्स. २०१० मध्ये पाचव्या क्रमांकावर आलेला हा खेळाडू गुणवत्तेत त्या पिढीतल्या कोणत्याही सेंटरच्या, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या, तोडीचा होता, म्हणजे इथे निवड अचूक होती. सात वर्षांत त्याला सहा प्रशिक्षक मिळाले. त्यांपैकी ज्याच्याशी त्याचे सूर जुळत होते तो माइक मालोन डिसेंबर २०१४ मध्ये, हंगाम सुरू होऊन दोन महिनेही झालेले नसताना, काढून टाकला गेला. मालोनने पुढे डेन्व्हरमध्ये आठ वर्षांत संघ घडवून २०२३ चे विजेतेपद जिंकले आणि त्या संघाचा नायक निकोला योकिच हा २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ४१ व्या क्रमांकावर निवडला गेलेला खेळाडू होता. कझिन्स सॅक्रामेंटोकडून प्लेऑफ्सचा एकही सामना न खेळता २०१७ मध्ये दुसरीकडे गेला. किंग्ज अखेर २०२३ मध्ये प्लेऑफ्समध्ये पोहोचले, ते डीएरॉन फॉक्स या पाचव्या निवडीच्या जोडीला डोमांतास सबोनिस हा अदलाबदलीत मिळवलेला कसलेला खेळाडू आणि माइक ब्राऊन हा अनुभवी प्रशिक्षक आल्यावर.

याउलट जिथे वरच्या निवडीचे सोने झाले, तिथे ती बहुतेक वेळा भरल्या घरात आलेली दिसते. सॅन अँटोनिओने १९९७ मध्ये पहिल्या क्रमांकावर टिम डंकन घेतला आणि १९९९ पासून २०१४ पर्यंत पाच विजेतेपदे मिळवली, हे उदाहरण टँकिंगचे समर्थक नेहमी देतात. पण आदल्या हंगामात तो संघ २० विजयांवर घसरला होता, कारण डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीमुळे फक्त ६ सामने खेळू शकला होता. डंकन आला तेव्हा रॉबिन्सन परतला होता आणि एकवीस वर्षांच्या मुलाला रोज शेजारी एक माजी एमव्हीपी मिळाला. त्याच वर्षी बॉस्टन १५ विजयांवर थांबला होता आणि दोन निवडी हाताशी धरून डंकनची ३६ टक्के आशा लावून बसला होता. त्यांना तिसरा आणि सहावा क्रमांक मिळाला. तिसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या चाँसी बिलप्सला त्यांनी पहिला हंगाम पुरा होण्याआधीच टोरोंटोला देऊन टाकले. तोच बिलप्स अनेक संघ फिरून २००४ मध्ये डेट्रॉइटसाठी अंतिम फेरीचा एमव्हीपी ठरला.

हेच बॉस्टन वीस वर्षांनी शहाणे झालेले दिसते. २०१३ मध्ये केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स हे उतारवयातले खेळाडू ब्रुकलिनला देऊन त्यांनी ब्रुकलिनच्या पुढच्या काही वर्षांच्या निवडी घेतल्या. मग हरत होते ब्रुकलिन आणि फायदा होत होता बॉस्टनला: २०१६ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर जेलन ब्राऊन, २०१७ मध्ये टेटम. २०१६-१७ मध्ये ५३ सामने जिंकून बॉस्टन ईस्टर्न कॉन्फरन्समध्ये पहिला होता आणि त्याच वेळी पुढच्या ड्राफ्टची पहिली निवडही त्याच्याच खिशात होती. दोन्ही मुले जिंकणाऱ्या संघात, अल हॉरफर्डसारख्या जाणत्या खेळाडूच्या शेजारी वाढली आणि २०२४ मध्ये विजेती झाली.

आता थंडरकडे परत यायला हवे, कारण माझ्या म्हणण्याला सर्वांत मोठे आव्हान त्यांचेच आहे. संघाची बांधणी करणारे जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी २००७ पासून तिथे आहेत. २०१९ मध्ये त्यांनी आपला तारा पॉल जॉर्ज याला लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे पाठवले आणि बदल्यात तरुण शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी आणि पहिल्या फेरीच्या पाच निवडी घेतल्या. पुढे २०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन हंगाम त्यांनीही उघडपणे हरण्यात घालवले. मार्च २०२१ मध्ये त्यांनी, तेव्हा त्यांच्याकडे असलेल्या हॉरफर्डला धडधाकट असूनही उरलेल्या हंगामासाठी बसवून ठेवले; डिसेंबर २०२१ मध्ये मेम्फिसने त्यांना १५२-७९ असे, म्हणजे एनबीएच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या ७३ गुणांच्या फरकाने हरवले. २०२२ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर चेट होल्मग्रेन मिळाला आणि २०२४-२५ मध्ये ६८ सामने जिंकून ते विजेते झाले. मग टँकिंग फळले असे का म्हणू नये?

म्हणावे, पण कोणामुळे फळले तेही पाहावे. त्या संघाचा एमव्हीपी शे हा २०१८ मधली ११ वी निवड होता आणि अदलाबदलीत आला होता. दुसरा आधार जेलन विल्यम्स ही १२ वी निवड, तीही क्लिपर्सकडून मिळालेली. लू डॉर्टला ड्राफ्टमध्ये कोणीच निवडले नव्हते. ॲलेक्स करूसोचेही तसेच. त्याला मिळवण्यासाठी थंडरने स्वतःच्या पराभवांतून आलेली २०२१ मधली सहावी निवड, जॉश गिडी, देऊन टाकली. हार्टनस्टाइन या उंच खेळाडूला त्यांनी मोकळ्या बाजारातून आणले. स्वतः हरून मिळवलेल्यांपैकी विजेत्या संघाच्या गाभ्यात एकटा होल्मग्रेन होता आणि तो मैदानात उतरला तेव्हा शे आधीच ऑल-स्टार झालेला होता. दोन्ही वेळा निवड करणारे प्रेस्टीच होते. पहिल्या खेपेला तीन भावी एमव्हीपी हाती असून पगाराच्या कोड्यात हार्डन गेला, दुसऱ्या खेपेला घर आधी भरत आले आणि मग वरची निवड त्यात आली.

नियम बदलल्यानंतर तर तळ गाठण्याचा सौदा आणखीच महाग झाला आहे. २०२३ आणि २०२४ मध्ये सर्वांत खाली राहिलेला डेट्रॉइट, २०२५ मध्ये सर्वांत खाली राहिलेला यूटा, तिन्ही वेळा तळाचा संघ पाचव्या क्रमांकावर घसरला. डेट्रॉइटने २०२३-२४ मध्ये सलग २८ सामने गमावले. २०२५ मध्ये पहिली निवड मिळाली ती ३९ सामने जिंकलेल्या डॅलसला, १.८ टक्के संधीवर. या सगळ्यात जो माणूस हिशेबात कुठेच येत नाही, तो तिकीट काढून आपल्या मुलांना सामना दाखवायला घेऊन जाणारा प्रेक्षक. त्याला आज संध्याकाळी आपला संघ जिंकण्याचा प्रयत्न करताना पाहायचे असते, आणि भविष्याच्या नावाखाली त्याच्याकडून तेच काढून घेतले जाते. मला याचा खरोखर राग येतो. मुलांना खेळ शिकवताना आपण जी पहिली गोष्ट सांगतो, ती व्यवस्थेच्या शिखरावर बसलेली माणसे ठरवून मोडतात, आणि त्याला नियोजन असे नाव देतात.

२०२५ च्या वसंतात फिलाडेल्फिया पुन्हा तळाजवळ होता. एम्बीड त्या हंगामात फक्त १९ सामने खेळू शकला होता. २०२० मध्ये हॉरफर्डला ओक्लाहोमाला पाठवताना त्यांनी २०२५ ची पहिल्या फेरीची निवडही सोबत देऊ केली होती. ती पहिल्या सहांत आली तरच त्यांच्याकडे राहणार होती, नाहीतर ती ६८ सामने जिंकलेल्या थंडरला जाणार होती. त्यामुळे शेवटचे कित्येक आठवडे प्रत्येक पराभव त्यांच्या सोयीचा होता. ते २४ विजयांवर थांबले, लॉटरीत तिसऱ्या क्रमांकावर चढले आणि त्यांनी बहामासचा व्हीजे एजकोम निवडला. ऑक्टोबरमध्ये बॉस्टनला पहिल्याच सामन्यात त्याने ३४ गुण केले आणि संघ एका गुणाने जिंकला. त्याच्याबाबत मला आशा वाटते ती त्या ३४ गुणांमुळे नाही. २०२० मध्ये २१ व्या क्रमांकावर निवडलेला टायरीस मॅक्सी त्याच्या शेजारी खेळतो आहे; मॅक्सी स्वतः एम्बीडच्या संघात, प्लेऑफ्सच्या धकाधकीत, खालच्या जागेवरून वर आला आहे आणि आज तो संघ त्याच्या खांद्यावर आहे. नोएल आणि ओकाफोर यांच्या वाट्याला असा कोणी आला नव्हता.